उन्हाळ्यात अंड्यांचं कवच पातळ: व्हिटॅमिन डी३ वेगळं द्यावं का?

मिरजकर_लेयर
अंड्यावरच्या ५०० कोंबड्या, वय ६२ आठवडे. एप्रिलपासून कवच पातळ, ट्रेमध्ये तडकलेली अंडी वाढलीत. खाद्य घरीच दळतो. १०० किलोत मका ५५, सोयापेंड २३, राइस पॉलिश (तांदळाचा बारीक कोंडा) १२, चुनखडी पावडर ८, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १, मीठ ३०० ग्रॅम, बाकी प्रीमिक्स (व्हिटॅमिन-खनिजांचं मिश्रण) वगैरे. पाण्यातून लिक्विड कॅल्शियम चालू आहे.

खाद्यगणित
रोजचं खाद्य मोजलंत का? उन्हात ११० ग्रॅमवरून ९५ वर येतं. तुमच्या मिश्रणात कॅल्शियम जेमतेम ३.४ टक्के, म्हणजे पक्ष्याला ३.२ ग्रॅम. एका कवचात साधारण २.२ ग्रॅम जातं आणि खाल्लेल्यातलं निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं. या वयाला ४.२ ग्रॅम तरी हवं. चुनखडी आणि शिंपला मिळून १०.५ किलो करा, पॉलिश तेवढं कमी. डीसीपी वाढवू नका, जादा फॉस्फरसने कवच आणखी बिघडतं. बाटलीतल्या कॅल्शियमने एवढी तूट भरत नाही.

शेडवाले_काका
नुसती पावडर हीच खरी अडचण. कवच मुख्यतः रात्री चढतं, आणि पावडर तोवर आतड्यातून पुढे गेलेली असते. चुनखडी-शिंपल्याचा २ ते ४ मिमीचा खडा गिझार्डमध्ये (दाणे दळणाऱ्या पोटात) थांबून हळूहळू विरघळतो. १०.५ पैकी ७ किलो खडा, उरलेली पावडर. खाद्याचा मोठा हप्ता दुपारनंतर, ऊन उतरल्यावर टाका. तलंगांना मात्र हे खाद्य देऊ नका, अंड्यावर येण्याआधी एवढं कॅल्शियम मूत्रपिंडावर बसतं.

मिरजकर_लेयर
काका, शिंपल्यात वाळूची भेसळ असते. ओळखायची कशी?

शेडवाले_काका
चमचाभर शिंपला काचेच्या ग्लासात घ्या, वरून पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत. शिंपला फसफसून विरघळतो, वाळू तळाशी राहते. डोलोमाइट स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, त्यातल्या मॅग्नेशियमने विष्ठा पातळ होते.

प्रीमिक्स_ताई
डी३ चा डोस आंधळेपणाने वाढवू नका, जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साठतं. आधी प्रीमिक्सच्या पिशवीची तारीख बघा. व्हिटॅमिन, ट्रेस मिनरल (सूक्ष्म खनिजं) आणि कोलिन क्लोराइड एकत्र करून ठेवलं असेल तर गरमीत व्हिटॅमिन मरतात. तिन्ही वेगळी ठेवा, दळायच्या दिवशीच मिसळा: आधी २ किलो मक्याच्या भरड्यात, मग पूर्ण लॉटमध्ये. थेट १०० किलोत टाकलं तर एका पक्ष्याला भरपूर, दुसऱ्याला काहीच नाही. तयार खाद्य १५ दिवसांत संपवा.

उन्हाळ्यापुरता १०० किलोला २०० ग्रॅम खाण्याचा सोडा, मीठ २०० ग्रॅमवर आणा. धापेने रक्तातलं बायकार्बोनेट घटतं, कवचाला तेच लागतं. सोबत व्हिटॅमिन सी २० ग्रॅम.

खाद्यगणित
एक राहिलं. कवच सुरकुतलेलं, अंडं वेडंवाकडं आणि आतला पांढरा बलक पाण्यासारखा असेल तर आयबीचा (इन्फेक्शस ब्रॉंकायटिस, विषाणूचा रोग) संशय घ्या. मग खाद्य बदलून काही होणार नाही, पशुवैद्यकाला दाखवा.