अस्वलांच्या मुलखात मूसच्या शिकारीला रायफल कुठली न्यावी, गोळी किती ग्रेनची?

कोथरूडचा_अँकरेजवाला

नमस्कार मंडळी. मूळ कोथरूडचा, गेली चार वर्षं अलास्कात अँकरेजला नोकरी, ग्रीन कार्ड आहे, आत्ता दीड महिना सुट्टीवर घरी आलोय. सप्टेंबरमध्ये ऑफिसातल्या एका सिनियर माणसाबरोबर पहिल्यांदाच मूसच्या (तिकडचं घोड्याएवढं हरीण) शिकारीला जायचंय. लायसन्स आणि हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, सलग १२ महिन्यांच्या वर तिथे राहिल्यामुळे रेसिडंट धरतात, त्यामुळे गाइड घ्यायची सक्ती नाही. आधीच सांगतो, आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी असं माझंही मत आहे. तिकडे हंगाम आणि संख्या ठरवून परवानगी देतात आणि त्या मांसावर घरंच्या घरं हिवाळा काढतात, त्यामुळे तो वाद इथे नको, प्लीज.

प्रश्न असा की जिथे जायचंय तिथे ग्रिझ्ली (तिकडची मोठी तपकिरी अस्वलं) भरपूर आहेत. मूस पाडणं ही एक गोष्ट आणि तो पडल्यावर वासावर अस्वल आलं तर काय ही दुसरी. दुकानात एक जण म्हणाला .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, आकडा म्हणजे गोळीचा साधारण व्यास इंचात) घे, दुसरा म्हणाला .३३८ च्या खाली बघूच नको, आणि ज्यांच्याबरोबर जातोय ते म्हणतात माझी जुनी .३०-०६ पडून आहे ती वापर. मी आजवर बालेवाडीला १० मीटर एअर रायफल आणि कॉलेजात एनसीसीची .२२ एवढंच मारलंय. तिकडे रेंजवर मित्राची .३३८ मारून बघितली तर तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून डोळे आपोआप मिटायला लागले, खांदा दोन दिवस दुखत होता. वजन ६२ किलो आहे माझं. आता खरंच .३३८ शिवाय पर्याय नाही का? आणि गोळ्यांच्या डब्यावर बॉन्डेड, पार्टिशन, कॉपर असं काय काय लिहिलेलं असतं त्यातलं कुठलं? आईला अस्वलांचं सांगितलेलं नाहीये अजून, त्यामुळे घरी कुणाशी बोलताही येत नाही.

हडपसर_ते_फेअरबँक्स

अरे मित्रा, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. डोळे मिटायला लागले म्हणतोस ना, मग ती रायफल तुझी नाही, निदान या वर्षी तरी नाही. मी इकडे अकरा वर्षं आहे, आठ मूस पाडलेत, सगळे .३०-०६ ने. साहेबांची रायफल घे आणि गप रेंजवर जा.

आता कारण सांगतो. .३०-०६ हे १९०६ सालचं काडतूस आहे, अमेरिकन लष्कराचं, आणि गेली शंभर वर्षं अलास्कातल्या लोकांनी त्याच्यावर मूस, कॅरिबू, अस्वलं सगळं मारलंय. .३३८ विन मॅग १९५८ चं, ते जास्त ताकदीचं आहे हे खरंच आणि इकडे लोकप्रिय पण आहे, पण त्याचा धक्का .३०-०६ च्या दीडपटीहून जास्त बसतो. .३७५ एच अँड एच तर त्याच्याही वर, ते १९१२ पासून आहे आणि कोडियाक बेटाच्या बाजूला ब्राउन बेअरच्या (ग्रिझ्लीचीच किनाऱ्यावरची मोठी भावंडं) मागे जाणारे गाइड लोक वापरतात, कारण जखमी अस्वलामागे झुडपात शिरायचं काम त्यांचं असतं. तू अस्वलाच्या शिकारीला जात नाहीयेस. तुला मूसच्या फुप्फुसात नीट एक गोळी बसवायची आहे आणि नाइलाज झालाच तर जवळून अस्वल थांबवायचंय, आणि दोन्हीकडे गोळी कुठे लागते यावर सगळं आहे. ग्रिझ्ली ताशी ५५ किलोमीटरने धावून येतं म्हणजे ३० मीटर अंतर दोन सेकंदांत. तेवढ्या वेळात डोळे मिटून मारलेली .३३८ काय कामाची.

१९८३ साली इथल्या वनखात्याच्या लोकांनी १५ यार्डांवरून वेगवेगळ्या गोळ्या मारून बघितल्या होत्या, अलास्कात फिरणाऱ्या त्यांच्याच कर्मचाऱ्यांसाठी. वरच्या नंबरात .४५८, .३७५, .३३८ अशी जड मंडळीच होती, पण २२० ग्रेनची गोळी घातलेली .३०-०६ पण त्यांनी चालण्यासारखी धरली. म्हणून माझा सल्ला, मूससाठी १८० ग्रेन पुरते पण अस्वलं असतील तिथे २०० किंवा २२० ग्रेन घे, आणि साधी स्वस्तातली सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) नको.

रायफल स्टेनलेस आणि सिंथेटिक दस्त्याची असेल तर बरं, सप्टेंबरात पाऊस थांबत नाही, लाकडी दस्ता फुगतो आणि नेम हलतो. साहेबांची जुनी लाकडी असेल तर निघायच्या आधी आणि कॅम्पवर पोचल्यावर झीरो (स्कोपचा नेम आणि गोळी एकाच जागी लागतात ना) चेक कर. स्कोप मोठा नको. २-७ किंवा १.५-५ पटीचा बस. जवळ आलेलं अस्वल ९ पटीच्या स्कोपमधून बघितलं तर नुसता केसाळ भिंतीसारखा पट्टा दिसतो.

खडकी_निवृत्त

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३४ वर्षं काढली, १८६९ चा कारखाना आहे आमचा. शिकार मी कधी केली नाही पण काडतूस कळतं, म्हणून लिहितोय.

लोक सगळ्यालाच गोळी म्हणतात त्यामुळे घोळ होतो. हातात धरतो ते अख्खं काडतूस, त्यात पितळी केस, बुडाला कॅप, आत प्रोपेलंट आणि तोंडाशी बसवलेली ती खरी गोळी. ग्रेन म्हणजे त्या गोळीचं वजन, दारूचं नाही. १८० ग्रेन म्हणजे पावणेबारा ग्रॅम, २२० म्हणजे सव्वाचौदा. एकाच व्यासाची गोळी जड झाली की ती लांब होते आणि वेग कमी असूनही आत खोल जाते. अस्वलासारख्या जाड हाडाच्या जनावराला खोली लागते.

पण नुसतं वजन पुरत नाही, गोळी एकसंध राहिली पाहिजे. साध्या गोळीत शिसं आणि वर तांब्याचं पातळ कवच असतं, जवळून खांद्याच्या हाडावर बसली की कवच सुटतं आणि शिशाचा चुरा होतो. जॉन नॉस्लर म्हणून एक अमेरिकन गृहस्थ होते, १९४६ साली कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूसवर मारलेल्या त्यांच्या गोळ्या चिखलाने थापलेल्या कातडीवरच फुटायला लागल्या, आत जाईनात. त्यावर त्यांनी पार्टिशन गोळी काढली, मधे तांब्याची आडवी भिंत, पुढचा भाग फुलतो आणि मागचा तसाच आत घुसतो. १९४८ पासून विकायला आहे. बॉन्डेड म्हणजे शिसं आणि कवच एकमेकाला चिकटवलेलं. कॉपर म्हणजे शिसंच नाही, सगळी गोळी तांब्याची. तिन्हीतलं कुठलंही घ्या, वाईट नाही. हलकी, वेगवान आणि पातळ कवचाची तेवढी घेऊ नका.

आणि हे नीट वाचा. ज्या डब्याने झीरो कराल तोच डबा, त्याच लॉट नंबरचा (एकाच खेपेत बनलेला), जंगलात न्या. एकाच दिवशी चार-पाच डबे घेऊन ठेवा. काडतुसाच्या बुडावर छाप असतो तो प्रत्येकाचा वाचायचा, बरोबरच्या माणसाची .३०८ किंवा .३०० खिशात मिसळली तर अनर्थ होतो. मी चुकीची गोळी भरल्याने फुटलेलं ब्रीच (नळीचं मागचं तोंड, जिथे काडतूस बसतं) हातात घेऊन बघितलंय, ते डोळ्यासमोरून जात नाही.

मेळघाटची_पाऊलवाट

बंदुकीतलं मला कळत नाही, अस्वलांचं थोडं कळतं. बुद्ध पौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेला बरीच वर्षं मेळघाटात मचाणावर बसलेय. आपलं अस्वल ग्रिझ्लीपेक्षा कितीतरी लहान, तरी वाघाइतकीच त्याची भीती गावकऱ्यांना वाटते, कारण ते अचानक समोर आलं की पळण्याऐवजी अंगावर येतं. एकदा पहाटे मचाणावरून उतरून नाल्याच्या वळणावर आम्ही गप्प चालत होतो आणि पंधरा पावलांवर पिल्लू पाठीवर घेतलेली मादी. आमच्याबरोबरचे कोरकू दादा शांत आवाजात बोलत बोलत आम्हाला मागे मागे घेऊन गेले, ती दोनदा पुढे आली आणि थांबली. तेव्हापासून मी जंगलात झाडीच्या वळणावर बोलत चालते.

तुमची पंचाईत अशी की शिकारीत गप्पच चालावं लागतं, वाऱ्याच्या विरुद्ध. म्हणजे अस्वलाला तुम्ही कळणारच नाही. म्हणून दादा, बेअर स्प्रे घ्याच, आणि तो सॅकमध्ये नाही, छातीला किंवा पट्ट्याला. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांचा अभ्यास २००८ साली आला होता, त्यात ब्राउन बेअरवर स्प्रे मारला तेव्हा दहात नऊ वेळा ते थांबलं. मिरचीतलाच तिखटपणा असतो तो, अस्वल मरत नाही, परत जातं. हातात सुरी असताना, वाकून मांस कापताना रायफल दहा फुटांवर झाडाला टेकवलेली असते, स्प्रे अंगावर असतो. विमानात मात्र नेऊ देत नाहीत, तिकडेच घ्यायचा.

पिंपरीचा_लिव्हरवाला

सगळे .३०-०६ म्हणतायत म्हणून मुद्दाम लिहितो, .४५-७० ची छोटी लिव्हर अ‍ॅक्शन (खालची दांडी ओढून काडतूस भरायची) मार्लिन कंपनीची रायफल बघा. झुडपात झटकन फिरते, गोळी अंगठ्याएवढी. अस्वलासाठी यासारखं काही नाही.

हडपसर_ते_फेअरबँक्स

पिंपरीकर, जवळून ती भारी आहे, मान्य. पण मूस २०० यार्डांवर दलदलीच्या पलीकडे उभा राहिला की .४५-७० ची गोळी एवढी खाली येते की नवख्याने मारूच नये, आणि धक्का परत आहेच. पहिल्या मूसला नको.

आणि मित्रा, मेळघाटच्या ताईंनी मांस कापण्याचं काढलं ते बरं केलं, कारण खरा धोका तिथेच आहे. मोठ्या नराचं खायचं मांसच सव्वादोनशे किलोच्या घरात जातं, ते सगळं बाहेर काढणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मांस पूर्ण निघाल्याशिवाय शिंगं नेता येत नाहीत. म्हणजे तीन-चार फेऱ्या, एखादी रात्र मधे. पहिल्याच दिवशी मांस आतड्यांच्या ढिगापासून लांब ने, शंभर मीटर तरी, मोकळ्यावर, जिथे लांबून दिसेल असं टांग. तंबू त्याहून लांब. सकाळी परत जाताना वारा तुझ्या पाठीवर हवा आणि ओरडत जायचं, आता लपायचं काही नाही. एक जण कापतो, दुसरा हातात रायफल घेऊन नुसता बघत उभा. अस्वलाने ढिगावर माती ओढून ठेवलेली दिसली तर ते मांस आता त्याचं. मांस वाचवायला म्हणून अस्वल मारणं इथे साधारणपणे बसत नाही कायद्यात. जिवावर बेतलं म्हणून मारलं तर नख्यांसकट कातडं आणि कवटी सरकारजमा करायची आणि १५ दिवसांत लेखी रिपोर्ट. मी एकदा अर्धा मूस असाच सोडून आलोय. रडू आलं होतं, पण सोडला.

बालेवाडी_लेन_१२

इथे आहेस दीड महिना तर वाया घालवू नकोस. बालेवाडीत एअर रायफल रोज तासभर मार पण जॅकेट आणि टेकू न घेता, उभ्याने आणि गुडघ्यावर. धक्क्याची सवय त्याने होणार नाही, पण ट्रिगर हळू दाबायची होईल, आणि डोळे मिटणं हे मुळात ट्रिगर हिसकण्याचंच भावंड आहे. तिकडे गेल्यावर कुणाला तरी मॅगझिन भरायला सांग आणि मधे एखादं डमी काडतूस न सांगता घालायला लाव. ट्रिगर दाबल्यावर आवाज नाही आणि नळी खाली गेली, की कळेल तू किती घाबरतोयस ते. मग परत पहिल्यापासून.

कोथरूडचा_अँकरेजवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून काढलं. साहेबांना मेसेज केला, त्यांची .३०-०६ विंचेस्टर मॉडेल ७० आहे म्हणाले, दस्ता लाकडीच आहे. २०० ग्रेनची पार्टिशन पाच डबे एकाच लॉटचे बघून ठेवायला सांगितलेत. खडकीच्या काकांचं वाचून त्यांना हेही विचारलं की तुम्ही कुठली नेणार, तर ते .३०० विन मॅग नेणारेत, म्हणजे आमची काडतुसं वेगवेगळ्या रंगाच्या पाकिटात ठेवायची हे ठरलं. उद्या सकाळी सातला बालेवाडी. लेन १२ वाले दादा, तुम्ही तिथे असता का, गुडघ्यावर बसायची माझी पद्धत जरा बघाल?