झेड८० प्रोसेसरच्या बदली चिपमुळे सगळे रिले एकदम ओढतात (चालू होतात) – मदत हवी आहे

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत सँड प्लँटचा जुना कंट्रोलर आहे. त्यातला एनमॉस (जुन्या बनावटीचा) झेड८० गेला. सीमॉस (नंतरच्या बनावटीचा) झेड८० घातला तर कार्ड चालू होतं, पण चालू होताच आठही रिले ओढतात. (मोटरच्या वायरी काढूनच तपासतोय.)

ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवलेली चिप) वाचल्यावर कारण सापडलं: प्रोग्रॅममध्ये ईडी ७१ ही डेटाशीटबाहेरची आज्ञा आहे. एनमॉस पोर्टवर ० पाठवतो, सीमॉस २५५, म्हणजे आठही बिट चालू! ऑनलाइन मागवलेले दोन 'एनमॉस' नाव घासून पुन्हा छापलेले सीमॉसच निघाले. ईप्रॉममध्ये बदल नको. मूळ सोर्स नाही आणि चेकसमही (प्रोग्रॅम बदललाय का ते तपासणारी बेरीज) आहे.

म्हणून एफपीजीएवर (हवं ते सर्किट बसवता येणारी चिप) ४० पिनांचं बदली मॉड्यूल करतोय. ५ व्होल्टचे लेव्हल शिफ्टर लावलेत, ईडी ७१ जमलं. पण एससीएफ-सीसीएफ या आज्ञांनंतरचे फ्लॅगचे (निकालाच्या खुणा ठेवणाऱ्या रजिस्टरचे) ३ आणि ५ नंबरचे बिट, आणि एलडी ए,आय ही आज्ञा चालू असताना इंटरप्ट आला तर पॅरिटी फ्लॅग चुकीचा येणं, हेही एनमॉससारखंच करावं लागेल का?

उद्यमनगरात अस्सल चिपचं तसंच कार्ड चालू आहे, पण ते फक्त सोमवारी, सुट्टीदिवशी मिळेल. माझ्याकडे १६ चॅनेलचा लॉजिक अॅनालायझर (डिजिटल सिग्नल टिपणारं यंत्र) आहे. त्या एका दिवसात नेमके कोणते सिग्नल टिपून घेऊ, म्हणजे माझं मॉड्यूल त्याच्याशी ताडून बघता येईल?