मदत हवी आहे : धनत्रयोदशीला इंदूरमध्ये खायचं कुठे?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी इंदूरला पोचतोय. दोनच रात्री हातात. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई. त्या कांदा-लसूण खात नाहीत आणि नऊ वाजले की पेंगायला लागतात.

खरी अडचण सराफ्याची. सोन्या-चांदीची दुकानं मिटली की तिथे त्यांच्याच दारात खाऊच्या गाड्या लागतात. पण धनत्रयोदशीला कुठला सराफ लवकर कुलूप लावणार? त्या दिवसांत खाऊगल्ली भरते तरी का? भुट्ट्याचा कीस आणि गराडू (कुरकुरीत तळलेला कंद, वर जिरावण मसाला, लिंबू) यासाठीच तर एवढा प्रवास. शिवाय दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, ते लेकीला बघायचंय.

सराफा नसेलच तर छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीवर भागेल का? ते दिवसाही चालू असतं, सासूबाईंची सोय.

राजवाड्याजवळ सकाळचे पोहे-जलेबी कुठे चांगले? बडीशेप घातलेले, वाफेवरचे हवेत. मागच्या खेपेला हॉटेलच्या नाश्त्यात गार पोहे आणि मऊ पडलेली शेव मिळाली, पैसे मात्र गरमागरम घेतले.

कांदा-लसूण नसलेली साधी थाळीही सुचवा. इंदूरकर मंडळी आहेत ना इथे कुणी?