गावी डिश बंद करून फक्त फायबर ठेवलं तर चालेल का?

केळीचा_घड:
मंडळी सल्ला द्या. मी पुण्याला असतो, आईबाबा गावी, चोपडा तालुका. दिवाळीला स्मार्ट टीव्ही घेतला, गल्लीत फायबर इंटरनेट पण आलं, म्हणून म्हटलं आता डिशचा रिचार्ज कशाला. तसंही २०१९ मध्ये ट्रायने (टेलिकॉम-टीव्हीचे नियम करणारी सरकारी संस्था) चॅनल निवडून पैसे भरायचा नियम आणला तेव्हापासून पॅकेज मीच लावतो अन दर वेळी आईचं एक तरी चॅनल राहून जातं. मालिका अ‍ॅपवर आहेतच, काही तर पैसे भरले की टीव्हीच्या आधी दिसतात. पण आई ऐकेना. म्हणते रिमोट घेतला की चाळीस फोटो समोर येतात अन काय बघायचं ते मलाच विचारतो, मला साडेसातला टीव्ही लावला की मालिका चालू पाहिजे. बाबांना बातम्या अन क्रिकेट, बस. काढू का डिश?

तापीकाठ:
क्रिकेटसाठी तरी काढू नको भाऊ. आमच्याकडे फायबरवर मॅच, शेजारच्या आबांकडे डिश. आमच्या टीव्हीवर बॉलर अजून रनअप घेतोय तोवर आबा ओरडतात "गेला रे गेला". मग बघायचं काय उरलं?

रात्रपाळी_भुसावळ:
ते होणारच. डिशला उपग्रहावरून एकच सिग्नल येतो, दहा घरं बघोत की दहा लाख, त्याला फरक पडत नाही. स्ट्रीमिंगला प्रत्येक घराला वेगळा पुरवठा करावा लागतो, व्हिडिओचे छोटे छोटे तुकडे करून पाठवतात, टीव्ही दोन-चार तुकडे आधी साठवतो मग दाखवतो, म्हणून लाइव्ह मागे पडतं. डिशचंही सुख नाही म्हणा, जूनमध्ये ढग दाटून आले की नो सिग्नल. लाइट गेली तर दोन्ही बंद, मग मोबाइल, अन तिथे दिवसाचा दीड जीबी एचडी मॅचला पहिली इनिंगसुद्धा पुरत नाही.

शिरपूरकर:
पहिले माय ले इचार ना भो, टीव्ही तिले देखना शे का तुले?

अमळनेरची_लेक:
आम्ही काढली डिश, मागच्या वर्षी. पैसे वाचले, खोटं नाही बोलणार. पण आधी संध्याकाळी शेजारच्या दोन जिजी आईकडे यायच्या, भाजी निवडत मालिका बघायच्या, ब्रेक लागला की सुनांच्या तक्रारी, मालिका संपली की उद्या काय होईल त्यावर वाद. आता आई सवड मिळेल तेव्हा अ‍ॅपवर बघते, कधी दोन भाग सलग कधी तीन दिवस काहीच नाही, जिजी मात्र टीव्हीच्या टायमाने. भेटल्या की एक म्हणते "सांगू नको, माझा राहिलाय" अन दुसरी गप्प. त्यांचं बोलणंच कमी झालं ओ. मला हे आधी सुचलंच नाही, मी रिचार्जचाच हिशोब करत होते.

धुळे_डिशवाला:
मधला मार्ग सांगतो. दूरदर्शनची फ्री डिश लाव, बॉक्स अन छत्री एकदाच घ्यायची, महिन्याचं भाडं नाही. जुनी छत्री चालते पण तोंड फिरवावं लागतं, जीसॅट-१५ उपग्रहावर आहे ते, ९३.५ अंश पूर्व. सह्याद्री लागतं, बातम्या लागतात, भारताच्या बऱ्याच मॅचेस डीडी स्पोर्ट्सवर असतात. मोठ्या पे चॅनलच्या नव्या मराठी मालिका मात्र नाहीत, त्यामुळे बाबांचं भागेल, आईचं नाही. तिची मालिका कुठल्या चॅनलवर ते आधी बघ मग छत्री फिरव.

केळीचा_घड:
आईला फोन केला, शिरपूरकर भाऊ म्हटले तसा. म्हटलं साडेसातला कोण कोण येतं, तर तिने पाच नावं घेतली, मला दोनच माहीत होती. फायबर राहू देतो, आम्ही सुट्टीला गेलो की पोरं त्यावर कार्टून बघतील. डिशला आत्ताच सहा महिन्यांचा रिचार्ज मारला. आईचा फोन येतोय, बहुतेक एक चॅनल परत राहिलं.