मदत हवी आहे : चिडलेल्या प्रशिक्षकाला मैदानाबाहेर नेमके कधी काढावे?

नमस्कार. मी जिल्हास्तरीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करते. अनुभवी पंचांचे मार्गदर्शन हवे आहे.

स्ट्राइक की बॉल (फेकलेला चेंडू ठरलेल्या पट्ट्यातून गेला की नाही), सेफ की आउट (धावणारी खेळाडू बाद झाली की नाही) हे पंचाच्या नजरेवर सोपवलेले निर्णय असल्याने त्यांविरुद्ध निषेध नोंदवता येत नाही. नियमाचा अर्थ चुकीचा लावला गेला असे वाटल्यास मात्र प्रशिक्षकाला पुढची पिच (चेंडूफेक) पडण्यापूर्वी दाद मागता येते. प्रत्यक्षात होम प्लेटवरच्या (जिथे पोहोचल्यावर धाव पूर्ण होते तिथल्या) निसटत्या आउटनंतर हा फरक कोणी पाळत नाही, आणि प्रशिक्षक ओरडत आत आले की डगआउटमधल्या (संघाच्या बाकावरच्या) मुलीही त्यांच्यामागे ओरडू लागतात, हे मला सर्वांत जास्त खटकते.

शिवीगाळ किंवा धक्काबुक्की झाली तर बाहेर काढण्याबाबत माझ्या मनात शंका नाही. प्रश्न त्याआधीच्या टप्प्याचा आहे. ताकीद देऊनही प्रत्येक पिचवर शेरेबाजी चालूच राहिली, तर आपण किती वेळ ऐकून घेता? अशा वेळी बेसवरच्या सहकारी पंचाने मध्ये पडून प्रशिक्षकांना बाजूला न्यावे का, की त्यामुळे मुख्य पंचाचा अधिकार कमी होतो?

आणखी एक अडचण खास शालेय स्पर्धांची आहे. अनेक संघांसोबत एकच शिक्षक आलेले असतात आणि तेच प्रशिक्षकही असतात. त्यांना मैदान सोडायला लावल्यावर मुलींची जबाबदारी कोणाकडे द्यावी, आणि ही व्यवस्था सामन्यापूर्वीच्या बैठकीत आयोजकांकडून ठरवून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे का?