कॅम्परच्या दुसऱ्या बॅटरीचे अर्थिंग (प्रवाहाची परतीची वाट) चासीवर, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्यावर, घ्यावे की स्वतंत्र निगेटिव्ह केबलने?

धरमपेठकर :
पिकअपच्या हौद्यावर बसवता-उतरवता येणारी केबिन मी हिंगण्याच्या एका वर्कशॉपमधून करून घेतली. आत १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे आणि ती अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रावरून) ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरमार्फत चार्ज होते. पॉझिटिव्हसाठी इंजिनपासून १६ चौरस मिमीची तांब्याची केबल ओढली. निगेटिव्ह मात्र कारागिराने हौद्याच्या तळाला एका बोल्टवर मारून दिली. सिल्लारीला जाताना मनसरला चहासाठी थांबलो, तेव्हा मागच्या गाडीतील मित्राने सांगितले की इंडिकेटर दिला की केबिनचे मागचे सगळेच दिवे मिणमिणतात. मुक्कामी पोचून केबिनचे दिवे गाडीला जोडणारे सात पिनांचे सॉकेट उघडले, तर दिव्यांच्या अर्थची दीड चौरस मिमीची वायर काळी पडून तिचे आवरण शेजारच्या वायरीला चिकटले होते. एकही फ्यूज उडाला नव्हता. माझे मत असे झाले आहे की उतरवता येणाऱ्या केबिनला चासीचा भरवसा नकोच. पॉझिटिव्हच्याच जाडीची निगेटिव्ह थेट पुढच्या बॅटरीपर्यंत न्यावी.

वाडीचा वायरमन :
ट्रान्सपोर्टच्या गाड्यांचे काम करताना माझी बावीस वर्षे गेली आणि आपले मत मला मान्य नाही. थोडा हिशेब करू. १६ चौरस मिमीच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण १.१ मिलिओहम असतो, म्हणजे सहा मीटर केबलमध्ये ३० अँपिअरला सुमारे ०.२ व्होल्ट जातात. पोलादाचा रोध तांब्याच्या आठ-नऊ पट असतो हे खरे. पण चासीची एक लांब पट्टी दीडशे मिमी उंच आणि चार मिमी जाड धरली, तर वरच्या-खालच्या कडांसह तिचा छेद हजार चौरस मिमीच्या घरात जातो. एवढी तांब्याची केबल कोण विकत घेणार? आपल्या गाडीत दगा चासीने दिलेला नाही, हौद्याने दिला आहे. हौदा वेगळा पत्रा आहे, तो चासीवर बोल्टांनी बसतो आणि मध्ये रंग, कुठे रबर असते. चासीच्या पट्टीवर रंग खरवडून लखलखीत धातू काढा, दातेरी वॉशर घाला, थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) चांगले दाबून क्रिम्प करा, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

कोराडीचे निवृत्त अभियंता :
वायरमन भाऊंचा हिशेब बरोबर आहे; आक्षेप त्यात न मोजलेल्या सांध्यांना आहे. हजार चौरस मिमीच्या पट्टीतून आलेला प्रवाहसुद्धा शेवटी एका थिंबलखालच्या नाण्याएवढ्या जागेतून जातो आणि तिथे गंज धरला की पट्टीच्या जाडीचा उपयोग उरत नाही. धरमपेठकरांचा फ्यूज उडाला नाही, कारण प्रवाह वाढलाच नव्हता, त्याने फक्त वाट बदलली होती. बोल्टवरची वाट अडली तेव्हा चार्जरचा सारा परतीचा प्रवाह दिव्यांच्या बारीक वायरीतून जाऊ लागला आणि त्या वायरीवर कोणताच फ्यूज नसतो. म्हणून केबिनची निगेटिव्ह पॉझिटिव्हसोबत त्याच जाड दोन-पिनी कनेक्टरमधून यावी, असा माझा आग्रह आहे.

मात्र ती पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावण्याची सूचना चुकीची आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत त्या टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. आपली केबल त्याला वळसा घालून जोडली, तर बॅटरीत किती भर पडली याचा गाडीच्या संगणकाचा अंदाज फसतो आणि अल्टरनेटरचा व्होल्टेज भलताच राहतो. केबल बॅटरीजवळच्या मूळ अर्थ-बोल्टवर लावावी. आणि पॉझिटिव्ह केबलला दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ एकेक फ्यूज हवा, कारण ती कुठेही घासली तरी दोन्हीकडून प्रवाह येऊ शकतो. याबाबत दुमत नसावे.

वाडीचा वायरमन :
फ्यूजबाबत दुमत नाही, सेन्सरचेही मान्य. पण सर, सहा मीटर निगेटिव्ह केबल सायलेन्सरच्या बाजूने नेण्यात जो धोका आहे, त्याचे काय? नागपूरच्या मे महिन्यात गाडीखाली आधीच भट्टी असते. शिवाय अल्टरनेटरची निगेटिव्ह म्हणजे त्याचे अंग, ते इंजिनवर, आणि इंजिन रबरी माउंटिंगवर. इंजिन आणि चासी जोडणारी विणीची पट्टी कुजली असेल, तर आपण दोघेही चुकू. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी त्या एका पट्टीच्या असतात.

धरमपेठकर :
दोघांचे ऐकून रविवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. क्लॅम्प मीटरवर चार्जर ३२ अँपिअर घेत असताना केबिनच्या बॅटरीची निगेटिव्ह आणि अल्टरनेटरचे अंग यांमध्ये मोजले. हौद्याच्या जुन्या बोल्टवर ०.९ व्होल्ट आले. तात्पुरती सहा मीटर केबल टाकली तेव्हा ०.२१. चासीची पट्टी खरवडून दीड मीटरच्या केबलने तिथे जोडले तेव्हा ०.०८. माझे पहिले मत मला मागे घ्यावे लागत आहे. सध्या निगेटिव्ह दोन-पिनी कनेक्टरमधून आणून चासीच्या पट्टीवर दिली आहे आणि दिव्यांच्या अर्थची जळालेली वायर बदलली आहे.

कोराडीचे निवृत्त अभियंता :
हा आकडा उन्हाळ्यातल्या ताज्या खरवडलेल्या धातूचा आहे. हाच बोल्ट पावसाळ्यातल्या चिखलातून गेल्यावर ऑक्टोबरात पुन्हा मोजा आणि ०.०८ चे ०.३ झाले, तर सहा मीटर केबल मी आणून देतो.

वाडीचा वायरमन :
ऑक्टोबरात गाडी वाडीला आणावी, सर. मीटर आपला, बोल्ट माझा.