मदत हवी आहे : नवरा १४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी, मुलाला कसं समजवायचं?

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. माझे मिस्टर 'मुंबई हाय' या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर मेंटेनन्सला आहेत. १४ दिवस ड्युटी, १४ दिवस सुट्टी. तिथं रोज १२ तासांची शिफ्ट असते. जुहूहून हेलिकॉप्टरनं जातात-येतात. पावसाळ्यात हवा बिघडली की उड्डाण रद्द आणि सुट्टीचा एखादा दिवस तिकडंच जातो.

पगाराची तक्रार नाही. नाईट शिफ्ट करून आले की पहिले तीन-चार दिवस ते दिवसा झोपतात, रात्री जागे. मग जरा रुळतात, रंकाळ्यावर फिरायला नेतात, तोवर पुन्हा बॅग भरायची वेळ. आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. निळी बॅग पलंगावर दिसली की तो जेवत नाही. मागच्या खेपेला त्यानं सेफ्टी शूजच लपवले. महालक्ष्मी एक्स्प्रेसची वेळ झाली तरी सापडेनात; शेवटी पिठाच्या डब्यामागं मिळाले. हे त्याला एक शब्द बोलले नाहीत, पण गाडीत रडल्याचं नंतर सांगितलं.

माझंही आहेच. ते नसताना गॅस, फी, सासूबाईंचा दवाखाना सगळं मीच ठरवते, आणि ते आले की "मला विचारलं का नाहीस?" यावरून वाद.

रिगवर, जहाजावर किंवा सैन्यात घरचं माणूस असलेल्यांनी कृपया सांगा : जायच्या आदल्या दिवशी मुलाला कसं सांभाळता? परत आल्यावर घरातले निर्णय कसे वाटून घेता? आणि कोल्हापुरात लहान मुलांसाठी चांगले समुपदेशक कुणाच्या अनुभवातले आहेत का? पुढची ड्युटी येत्या सोमवारपासून आहे.